औषध कोणी समजावून द्यावें?

कोणत्याहि नांदत्या घरांत औषधांचा एक डबा असतो. त्यांत आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात, आजींच्या गुडघेदुखीच्या असतात, काकूंची थायरॉईडची बाटली असते, मुलांसाठीं आणलेलें व अर्धें उरलेलें खोकल्याचें औषध असतें. आणि यांखेरीज कात्रीनें कापलेल्या अशा कांहीं पट्ट्या असतात कीं, त्यांवरील नांव व मुदतीची तारीख हीं दोन्ही कापलेल्या तुकड्याबरोबर दुकानांतच राहून गेलेलीं असतात. त्या गोळ्या कोणाच्या, कशाकरितां आणल्या, किती दिवस घ्यावयाच्या होत्या व मध्येंच कां सोडल्या, हें घरांतील कोणासहि नक्की सांगतां येत नाहीं. तरीहि त्या टाकून देण्यास मन होत नाहीं. पुढें एखाद्याची कंबर धरली कीं, त्याच डब्यांतून अंदाजानें एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली जाते.

शिकलेल्या घरांत हा प्रकार चालत नसेल असें कोणी समजूं नये. किंबहुना तेथें तो थोडा अधिकच चालतो; कारण पट्टीवरील इंग्रजी नांव वाचतां आलें म्हणजे औषध समजलें, असा आपला एक गोड समज असतो. नांव वाचणें निराळें आणि औषध समजणें निराळें. तें समजावून देण्याचें काम कोणाचें, त्या कामाची आज काय स्थिति आहे आणि विशेषतः दुखण्याच्या, म्हणजे वेदनेच्या, औषधांबाबत तें न झाल्यास काय घडतें, याचा थोडा विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

डॉक्टर तपासतात व चिठ्ठी लिहून देतात. रोगी औषध पोटांत घेतो. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो आणि त्याच्याकडे आपण फारसें पाहतहि नाहीं. तो म्हणजे औषधनिर्माता, फार्मासिस्ट. आपण त्यास ‘केमिस्ट’ म्हणतों, किंवा नुसतें ‘मेडिकलवाला’ म्हणून मोकळे होतों. वाण्याकडून साखर आणावी तशी त्याच्याकडून गोळी आणावयाची, पैसे मोजावयाचे आणि घरीं यावयाचें, एवढाच आपला त्याचा संबंध. वस्तुतः हा मनुष्य औषधशास्त्र शिकून आलेला असतो. आपल्या देशांत या शास्त्राचें विद्यापीठांतील शिक्षण महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नानें काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ सालीं सुरू झालें. पुढें १९४८ सालीं फार्मसीचा कायदा झाला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टानेंच द्यावें असें ठरलें. २०१५ सालच्या नियमांनीं तर याहून पुढचें पाऊल टाकलें. औषधाचें नांव, तें कशाकरितां आहे, किती, केव्हां व किती दिवस घ्यावयाचें, त्यापासून कोणता अपाय संभवतो, दुसऱ्या कोणत्या औषधाशीं तें जुळत नाहीं, तें कसें ठेवावें आणि एखादी वेळ चुकल्यास काय करावें, या सर्व गोष्टी रोग्याशीं बोलणें हें त्याचें कर्तव्य म्हणून त्या नियमांत नमूद आहे.

व्यवहारांत मात्र आपण काय पाहतों? पट्टीवर बॉलपेननें ‘१-०-१’ असें लिहिलें जातें व ‘जेवणानंतर’ एवढा एक शब्द ऐकूं येतो. कित्येक दुकानांत फार्मासिस्टाचें प्रमाणपत्र भिंतीवर असतें, पण तो स्वतः जागेवर नसतो. आतां तर औषध मोबाइलवरून मागवितां येतें व दारांत येऊन पडतें. तेव्हां तो एक शब्दहि ऐकूं येत नाहीं. दोष केवळ दुकानदाराचा आहे असेंहि नाहीं. मागें दहा गिऱ्हाइकें खोळंबलेलीं असतात, समजावून सांगण्याबद्दल त्यास वेगळा मोबदला नसतो, आणि कोणी सांगूं लागलाच तर ‘डॉक्टरांनीं सांगितलें आहे सगळें’ असें म्हणून आपणच पाठ फिरवितों.

या न बोलण्याची किंमत केवढी आहे तें पाहावें. दीर्घ मुदतीच्या रोगांत, श्रीमंत देशांतसुद्धां, सरासरीनें निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणें औषध घेतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालच्या आपल्या अहवालांत नमूद केलें आहे. हे लोक सर्वच आळशी किंवा अडाणी असतात असें नव्हे. कोणास गोळीनें मळमळतें, कोणास बरें वाटूं लागल्यावर गोळीची गरज उरली नाहीं असें वाटतें, कोणास ती सोसवत नसते, तर कोणास ती जन्मभर घ्यावयाची आहे हेंच कळलेलें नसतें. यांतील बहुतेक अडचणी अशा कीं, पांच मिनिटांच्या बोलण्यानें त्या सुटाव्या किंवा निदान वेळींच डॉक्टरांच्या कानांवर जाव्या.

इंग्लंडांत हा प्रयोग प्रत्यक्ष झाला आहे. २०११ सालच्या ऑक्टोबरापासून तेथें अशी व्यवस्था आहे कीं, दमा, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांवर एखादें नवें औषध सुरू झालें म्हणजे फार्मासिस्टानें एक-दोन आठवड्यांनीं रोग्याची विचारपूस करावी व पुढें आणखी एकदां करावी. औषध घेतां काय, कांहीं त्रास होतो काय, कांहीं शंका आहे काय, एवढेंच त्यानें विचारावयाचें. या कामाबद्दल सरकार त्यास मोबदला देतें. पुढें संशोधकांनीं ४६ दुकानांतील ५०४ रोग्यांची पाहणी केली. दहा आठवड्यांनंतर, नेहमींच्या पद्धतीनें ज्यांस औषध मिळालें त्यांपैकीं शेंकडा सुमारें ६१ नीट औषध घेत होते. ज्यांची विचारपूस झाली त्यांपैकीं शेंकडा सुमारें ७१. औषध तेंच, रोग तोच. दोनदां आपुलकीनें विचारलें, एवढाच काय तो फरक.

आतां वेदनेकडे वळूं. वेदनेचा व औषधनिर्मात्याचा संबंध फार जुना आहे. अफूनें दुखणें थांबतें हें मनुष्यास हजारों वर्षें ठाऊक होतें. परंतु अफूच्या एका गोळ्यांत गुण किती व विष किती याचा कांहींच नेम नसे. एकास ती पुरत नसे, दुसऱ्यास तीच प्राणघातक होई. जर्मनींतील पाडरबोर्न गांवीं एका औषधालयांत उमेदवारी करणाऱ्या फ्रीड्रिख सेर्ट्यूर्नर नांवाच्या तरुणानें १८०५ च्या सुमारास अफूंतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. तेंच मॉर्फीन. पुढें तें त्यानें स्वतः घेतलें व तीन तरुणांसहि दिलें. प्रथम अर्धा ग्रेन, अर्ध्या तासानें पुन्हां अर्धा, आणि पाव तासानें आणखी अर्धा. सर्वांस इतका विषार झाला कीं, शेवटीं व्हिनेगर पाजून ओकाऱ्या काढाव्या लागल्या. १८१७ सालीं त्यानें हें सर्व प्रसिद्ध केलें. या शोधाचें खरें महत्त्व असें कीं, वेदनेचें औषध यापुढें तोलून, मापून देतां येऊं लागलें. तोलणें, मापणें आणि मर्यादा सांगणें हाच औषधनिर्मात्याचा धर्म. आणि वेदनेच्या औषधास त्याची जितकी गरज आहे तितकी दुसऱ्या क्वचितच असेल.

कारण दुखण्याच्या गोळीबाबत आपण दोन्ही बाजूंनीं चुकतों. जेथें ती जपून घ्यावी तेथें आपण ती खुशाल घेतों, आणि जेथें ती भरपूर द्यावी तेथें भितों.

पहिल्या चुकीचीं उदाहरणें घरोघर आहेत. पॅरासिटामॉल ही गोळी योग्य मात्रेंत अत्यंत निर्धोक आहे. परंतु निरोगी प्रौढ मनुष्यानेंहि ती चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षां अधिक घेऊं नये. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या कीं ही मर्यादा जवळजवळ गांठली गेली. आतां असें पाहा कीं, तापासाठीं एक गोळी, सर्दीसाठीं दुसऱ्या नांवाची आणि अंगदुखीसाठीं तिसऱ्या नांवाची, अशा तीन पट्ट्या घरांत आल्या. नांवें तीन, रंग तीन, आणि पोटांत मात्र तिन्हींमधून पॅरासिटामॉलच जात आहे! अति झालें म्हणजे यकृतावर घाला पडतो. आणि दुर्दैव असें कीं, पहिल्या दिवशीं रोग्यास फारसें कांहींच जाणवत नाहीं. ब्रिटनमध्यें १९९८ सालीं एका खेपेस मिळणाऱ्या या गोळ्यांच्या संख्येवरच बंधन घालण्यांत आलें. औषधाच्या दुकानांत ३२ गोळ्यांचें व इतर दुकानांत १६ गोळ्यांचें पाकीट, असा नियम झाला, आणि पुढील वर्षांत या गोळीनें होणारे मृत्यु कमी झाले. त्या तिन्ही पट्ट्या ज्याच्या हातांतून जातात तो जाणता मनुष्य एका दृष्टिक्षेपांत ही पुनरुक्ति ओळखूं शकतो. परंतु त्या तिन्ही त्यास दिसल्या तर!

दुसरी जात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाईड इत्यादि गोळ्यांची. शरीरांत वेदना व सूज उत्पन्न करणारीं प्रॉस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें या गोळ्या तयार होऊं देत नाहींत. या वर्गांतील ॲस्पिरिनचें कार्य असें चालतें हें जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखविलें आणि १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी झाला. पण हींच द्रव्यें पोटाच्या अस्तराचें रक्षण करतात व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून गुडघा थांबतो आणि पोटांत व्रण होतो. कंबर मोकळी होते आणि मूत्रपिंड शिणतें. आजोबा रक्तदाबाची गोळी घेत असतील, सूज उतरण्यासाठीं लघवी वाढविणारी गोळी घेत असतील आणि त्यांत गुडघ्यासाठीं ही तिसरी पडली, तर कांहीं रक्तदाबाच्या औषधांच्या बाबतींत हें त्रिकूट मूत्रपिंडांस एकाएकीं निकामी करूं शकतें. यांतील प्रत्येक गोळी निरनिराळ्या डॉक्टरांनीं योग्य म्हणूनच दिलेली असते. तिन्ही एकत्र पाहणारा कोणीच नसतो, हीच खरी अडचण. निमेसुलाईड बारा वर्षांखालील मुलांस देण्यास आपल्या सरकारनें २०११ सालीं बंदी केली. तरी मोठ्यांच्या डब्यांतील गोळी अर्धी करून मुलास देण्याचा मोह कित्येक घरांत अद्यापि होतो, तो होतां कामा नये. पट्टीवर तांबडी उभी रेघ असेल तर तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं, एवढी खूण तरी घरांतील सर्वांनीं ओळखावी.

तिसरें उदाहरण याहून भयंकर आहे. संधिवाताच्या एका प्रकारावर मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी देतात. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीनें ती दररोज घेतली गेल्यामुळें रोगी दगावल्याचीं उदाहरणें अनेक देशांत घडलीं आहेत. येथें औषधनिर्मात्यानें ‘सोमवार’ किंवा ‘गुरुवार’ असा एक वार ठरवून पाकिटावर ठळक लिहून दिला व तो रोग्याकडून वदवून घेतला, तर एका शब्दानें एक प्राण वांचतो. तसेंच डोकेदुखीचें. ज्यांस वारंवार डोकें दुखतें ते महिन्यांतून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेऊं लागले, तर ती गोळीच पुढें डोकेदुखीचें कारण होऊन बसते. असा मनुष्य डॉक्टरांकडे जातोच असें नाहीं. परंतु दुकानांत मात्र तो दर आठवड्यास जातो. म्हणजे त्यास प्रथम ओळखूं शकणारा मनुष्य कोण, हें सांगावयास नकोच.

आतां दुसरी चूक. घरांत कर्करोगानें अंथरुणास खिळलेलें माणूस आहे. वेदनेनें त्यास रात्र रात्र झोंप नाहीं. डॉक्टर तोंडावाटे घ्यावयाचें मॉर्फीन लिहून देतात आणि घरांतील मंडळी म्हणतात, ‘नको, तें अफूचें औषध, संवय लागेल.’ मग अगदींच असह्य झालें म्हणजे एक गोळी, असा चोरटा हिशेब चालतो. यांत रोग्याचे हाल तर होतातच, पण औषधहि धड लागू पडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं कर्करोगाच्या वेदनेसाठीं जी पद्धति सांगितली तिचें सार असें कीं, शक्यतों तोंडावाटे द्यावें, घड्याळाप्रमाणें द्यावें, आणि वेदनेच्या मानानें सौम्य औषधापासून तीव्र औषधापर्यंत पायरीपायरीनें जावें. वेदना उसळण्यापूर्वींच पुढील मात्रा पोटांत गेली पाहिजे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं असें दिलेलें मॉर्फीन कर्करोग्यास व्यसनी करतें असें क्वचितच घडतें. बद्धकोष्ठ मात्र ठरलेला. म्हणून सोबत सारक औषध पहिल्या दिवसापासून द्यावें लागतें. हें कोणी सांगितलें नाहीं म्हणजे पोटाच्या त्रासास कंटाळून रोगी मॉर्फीनच सोडतो आणि पुन्हां वेदनेच्या तोंडीं जातो.

भय सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत १९९० नंतरच्या काळांत या जातीचीं औषधें साध्या, जुनाट दुखण्यांवरहि सैल हातानें दिलीं गेलीं आणि त्यांतून लाखों लोकांचे बळी गेले. परंतु आपल्या देशांत कर्करोग्यांच्या बाबतींत बरोबर उलटें झालें. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांत सरकारी परवान्यानें अफूचें पीक निघतें, नीमच व गाझीपूर येथें अफूचे सरकारी कारखाने आहेत. आणि १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळें कित्येक रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडून दिलें. ज्या भूमींत औषध पिकतें त्याच भूमींतील रोगी त्यावांचून तळमळत राहिला. केरळांत कोझिकोडे येथें १९९३ सालीं वेदनाशमनासाठीं एक संस्था निघाली व तिनें गांवोगांवच्या लोकांस या कामांत ओढलें. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांचा मार्ग पुष्कळ सोपा झाला. तरीहि हें औषध कोपऱ्यावरील दुकानांत मिळत नाहीं. तें ज्या रुग्णालयांत मिळतें तेथील औषधनिर्मात्यापाशीं बसून वेळापत्रक, सारक औषध आणि कुलुपांत ठेवण्याची दक्षता या तिन्ही गोष्टी घरांतील एका जबाबदार माणसानें समजून घ्याव्या.

येथवर जें लिहिलें त्यावरून आमच्या वाचकांनीं काय करावें? आम्हांस पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(१) घरांतील प्रत्येकाच्या चालूं औषधांची एक वही असावी व ती एकानें सांभाळावी. एकत्र कुटुंबांत हें काम एखाद्या शिकत्या मुलाकडे किंवा सुनेकडे सहज देतां येईल. वैद्यांचें चूर्ण, काढा किंवा कोणी प्रेमानें दिलेली पुडी, हेंहि त्या वहींत लिहावें. निनांवी पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आहेत. औषध आणावयास जातांना ही वही बरोबर न्यावी.

(२) शक्यतों एकाच दुकानांतून औषध घ्यावें आणि तेथील फार्मासिस्ट कोण हें विचारून घ्यावें. आपलीं सर्व औषधें ज्यास ठाऊक तोच त्यांतील विरोध ओळखूं शकतो.

(३) नवें औषध हातीं घेतांना पांच प्रश्न विचारावे: हें कशाकरितां? केव्हां व किती दिवस? चालूं असलेल्या औषधांशीं जुळतें काय? कोणता त्रास झाल्यास थांबवून डॉक्टरांकडे जावें? वेळ चुकल्यास काय करावें? थायरॉईडची गोळी उपाशीं पोटीं घ्यावयाची व कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाची, यासारख्या गोष्टी विचारल्यावांचून कळत नाहींत.

(४) पट्टी कापून घ्यावी लागली तर नांव व मुदत ज्या तुकड्यावर आहे तोच मागावा. मुलांचें पातळ औषध घरच्या चमच्यानें न देतां सोबतच्या मापानेंच द्यावें. चमचे सर्व सारखे नसतात.

(५) एका माणसास लिहून दिलेली वेदनेची गोळी दुसऱ्यास देऊं नये, मग तो सख्खा भाऊ कां असेना.

औषधनिर्मात्यांसहि आमची एक विनंति आहे. त्यांनीं डॉक्टर होऊं नये. चिठ्ठीवांचून तीव्र गोळी देण्याचा आग्रह गिऱ्हाइकानें केला तरी त्यास नम्रपणें नकार द्यावा. चिठ्ठी अस्पष्ट असेल तर तर्क न करितां डॉक्टरांस विचारावें. आणि गर्दी कितीहि असली तरी म्हातारीं माणसें, लहान मुलें व नवें औषध, या तीन ठिकाणीं दोन मिनिटें खर्चावीं. असा नकार देणाऱ्या किंवा थांबवून विचारणाऱ्या मनुष्यावर आपण चिडतों; वास्तविक ज्या दुकानांत आपणांस कोणी अडवून विचारतो तेंच दुकान आपल्या हिताचें.

औषधाचे पैसे आपण मोजतों तेव्हां त्या पैशांत औषधाबरोबर त्याचें ज्ञानहि आपल्या हक्काचें असतें. आपण तें मागत नाहीं म्हणून तें मिळत नाहीं, आणि मिळत नाहीं म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाहीं. पुढच्या खेपेस औषध आणावयास जाल तेव्हां वही बरोबर घ्या, आणि पैसे देऊन लगेच न फिरतां एक प्रश्न तरी विचारा. उत्तर देणारा मनुष्य तेथें असलाच पाहिजे, असें कायदाच म्हणतो.